दस्तगीरचाचा, तो आकडा माझा होता

चाचा, शुक्रवारी दुपारी कँटीनमध्ये तुमची शोकसभा झाली. तुमचा एकट्याचा फोटो कंपनीत कुणाकडेच नव्हता. म्हणून मागे साहेबांना सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हाच्या ग्रुप फोटोतून तुम्हाला कापून काढलं होतं. तुमच्या खांद्याला कुणाचंतरी कोपर चिकटलेलं तसंच राहिलं होतं. त्या फोटोला हार घातला, समोर उदबत्ती लावली. तुमच्यात असं करतात का, एवढं चाचींना फोन करून विचारायलाही कुणाला सुचलं नाही.

मग मॅनेजरसाहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, "मुलाणी म्हणजे अत्यंत आज्ञाधारक माणूस. 'नाही' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही."

चाचा, हे ते माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. त्यांना ठाऊक आहे की मला ठाऊक आहे. आणि त्यांना हेही ठाऊक आहे की मी बोलत नाही. मी बोललेच नाही. दोन मिनिटं मान खाली घालून उभी राहिले आणि लॅबमध्ये जाऊन दुधाचं फॅट काढत बसले. एकाच नमुन्याचं फॅट दोनदा काढलं. दुःखाने नाही, संतापाने. त्यातला अर्धा संताप साहेबांवर होता, उरलेला स्वतःवर. थोडा तुमच्यावरही आहे. सांगते.

कोऱ्हाळ्याहून रोज एसटीने येऊन मी या डेअरीत लागले तेव्हा माझ्याकडे बारामतीच्या कॉलेजची केमिस्ट्रीची डिग्री होती आणि बॉयलर मी एकदाही पाहिलेला नव्हता. दूध तापवायचं, पाइप धुवायचे, सगळ्याला वाफ लागते आणि ती वाफ बॉयलर देतो, एवढंच पुस्तकी माहीत. रोज सकाळी बॉयलरच्या पाण्याचा नमुना लॅबमधल्या यंत्रावर तपासून त्यातला क्षार, म्हणजे हार्डनेस, रजिस्टरला लिहायचा हे माझं काम. पहिल्या दिवशी तुम्ही बाटली फडक्यात गुंडाळून आणलीत आणि विचारलंत, "मॅडम, तुमच्या घरी बंब हाय का?"

"आहे की."

"त्याच्या तळाला आतनं हात लावून बघितलाय का कधी?"

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, की पांढरा खडबडीत थर आहे, नखाने निघत नाही. तुम्ही खूश झालात. "झालं तर मग. तुमी बॉयलर शिकलासा. ग्यास सोच्छ जळतो, काजळी धरत न्हाय, म्हनून लोकं म्हनत्यात आता साफसफाई कशाला. आवं, पन पानी तर आपल्या बोरचंच हाय न्हवं? आग एका अंगाला, पानी दुसऱ्या अंगाला. पान्याच्या अंगाला थर धरला की आगीची धग पान्यात जात न्हाय, नळीच खाती ती. आन् नळी किती दिस खाईल?"

गॅसची लाइन येण्याआधी तुम्ही बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, भट्ट्यांवर उमेदीची वर्षं घालवली होती. राखेत, धुरात. नव्या बॉयलरला बटण आलं तेव्हा सगळे म्हणाले, आता चाचांना आराम. तुम्ही मात्र सकाळी आल्याआल्या साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन गॅसच्या एकेका जोडाला ब्रश लावत फिरायचात. कुठे बुडबुडा येतो का बघायचात. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेची चावी उघडून पाणी खरंच खालीवर होतंय का पाहायचात. बर्नर पेटायच्या आधी पंखा आतला साचलेला गॅस बाहेर फेकतो, तेवढा वेळ तुम्ही एक हात कमरेवर ठेवून उभे राहायचात, पाहुण्याची वाट बघितल्यासारखे. बर्नर पेटला नाही तर रिसेटचं बटण कुणाला दोनदा दाबू द्यायचा नाहीत. "का पेटला न्हाय ते बघा आदी. ते काय लिफ्टचं बटन हाय व्हय?"

आणि वर्षातून एकदा ती मोठी सफाई. बॉयलर बंद करून दोन दिवस थंड होऊ द्यायचा, पाणी सोडायचं, वरचं झाकण उघडायचं. हातातलं घड्याळ काढून शर्टाच्या खिशात ठेवून, कमी व्होल्टचा दिवा घेऊन तुम्ही आत उतरायचात आणि पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे होऊन बाहेर यायचात. निघालेलं खवलं माझ्या तळहातावर ठेवायचात. "मोजा. मागल्या सालापरीस कमी का जास्त?" कमी निघालं की दिवसभर मला 'पोरी' म्हणायचात. चारचौघांत मॅडम, खुशीत असलात की पोरी.

आपला एक वाद तुम्ही अर्धा टाकून गेलात. मी म्हणायचे, जे दिसतं ते लिहून द्या चाचा. लेखी द्या, पोच घ्या. तुम्ही हसायचात. "कागदावर वाफ व्हत न्हाय, पोरी." मी म्हणायचे, वाफ होत नाही, पण गळा वाचतो. बघा, काय झालं ते. तुमच्या बाजूचा एकही कागद नाही. साहेबांच्या बाजूला अख्खी फाइल आहे, आणि त्या फाइलीत माझं अक्षर आहे.

नवे साहेब आले आणि त्या वर्षीची सफाई पुढे ढकलली गेली. दिवाळीची मागणी आहे, नंतर बघू. दिवाळी झाली, आता दूध जास्त येतंय, नंतर बघू. बॉयलरच्या तळाचा गाळ काढायला दिवसातून ठरावीक वेळा गरम पाणी सोडावं लागतं, तेही त्यांनी एकावर आणलं. म्हणाले, तापवलेलं पाणी गटारात सोडणं म्हणजे गॅस जाळून टाकणं. पाणी मऊ करायची टाकी निकामी झाली होती, ती बदलायची विनंती तुम्ही तोंडी केलीत. तोंडीच.

माझ्या बाटलीत आकडे चढायला लागले. पाचाच्या आत असायला हवेत ते वीस झाले, चाळीस झाले. एका सकाळी अडुसष्ट आले. मी तीनदा तपासलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, खुर्ची दिली. म्हणाले, "मॅडम, हे असे आकडे रजिस्टरला नकोत. तपासणी जवळ आलीय. टाकी आपण बदलणारच आहोत, मग आजपासूनच पाचाच्या आत लिहायला हरकत काय?"

मी चार लिहिलं. माझं अक्षर शाळेपासून चांगलं. तो चारही मी सुबक काढला. त्यानंतर रोज चार, कधी तीन. लोक म्हणतील नोकरीची भीती. होतीही. पण खरं सांगू चाचा? मला त्या खुर्चीचं बरं वाटलं होतं. साहेबांनी मला बसायला सांगितलं, विश्वासात घेतलं, याचं.

तुम्ही रजिस्टर बघायला आलात. वाचताना बोट ओळीखाली फिरवायची तुमची सवय. बोट त्या चारापाशी थांबलं. पाण्याच्या काचेतला गढूळपणा तुम्ही रोज बघत होतात, तुम्हाला बाटलीची गरज नव्हती. तुम्ही एवढंच म्हणालात, "अक्षर चांगलं हाय मॅडम तुमचं," आणि गेलात.

यावरच माझा राग आहे. ओरडला का नाहीत? तुमच्या जागी माझे वडील असते तर त्यांनी रजिस्टर माझ्या अंगावर फेकलं असतं. तुम्ही माझं कौतुक करून गेलात, आणि त्या दिवसापासून खुशीतसुद्धा मी मॅडमच राहिले.

मग ती थंडीतली सकाळ. बॉयलरमध्ये पाणी कमी झालं तर बर्नर आपोआप बंद करणारा एक तरंगता गोळा असतो. गाळाने तो अडकायला लागला होता, त्यामुळे बर्नर पुन्हापुन्हा बंद पडत होता आणि दूध खोळंबत होतं. साफ करायचं सोडून साहेबांनी आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियनकडून तिथे एक वायर जोडून घेतली. म्हणजे आता पाणी संपलं तरी आग चालू. तुम्ही सकाळच्या पाळीला आलात, वायर पाहिलीत, गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केलात, त्याला स्वतःच्या सायकलचं कुलूप घातलंत आणि स्टूल ओढून समोर बसलात.

बाहेर टँकर उभे. साहेब तरातरा आले. त्यांच्यामागे आम्ही सगळे.

"मुलाणी, बॉयलर चालू करा."

"न्हाय."

"दूध नासेल. जबाबदारी तुमच्यावर येईल."

"येऊ द्या. ती वायर काढा, गोळा साफ करू, झाकान उघडू. दोन दिसांचं काम हाय. त्याबिगर न्हाय."

"तुम्हाला काय कळतं? कागदावर सगळं ठीक आहे."

तुम्ही बॉयलरच्या मागच्या भिंतीकडे हात केलात. भिंतीपलीकडे पिशव्या भरायचा विभाग, तिथे तीस बायका कामाला. म्हणालात, "साहेब, त्या भित्तीपल्याड लेकीबाळी हायत. माझं ऐकू नगा. त्यांच्याकडं बघून तरी."

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, पाण्याचं आजचं रिडिंग काय आहे? सांगा यांना."

चाचा, त्या सकाळी रिडिंग एकाहत्तर होतं. बाटली माझ्या हातात होती, अजून कोमट.

मी म्हणाले, "चार."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. पाहिलं असतंत तर कदाचित मी शब्द फिरवला असता. असं मी म्हणते; खरं-खोटं मलाही माहीत नाही. तुम्ही उठलात, स्टूल जागेवर ठेवलंत, डबा उचललात आणि गेटकडे चालत गेलात. सुरक्षारक्षक मागेमागे. कुलूप करवतीने कापलं. दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने बटण दाबलं आणि बॉयलर पेटला. दुपारी नोटीस निघाली: काम बंद पाडल्याबद्दल निलंबन.

अकरा दिवस. बाराव्या दिवशी सकाळी आतल्या नळ्या फुटल्या. उकळतं पाणी आगीच्या बाजूला घुसलं, दाराची पॅकिंग उडाली आणि बॉयलर खोली वाफेने भरून गेली. ऑपरेटर चहाला बाहेर गेला होता, म्हणून वाचला. भिंत टिकली. पलीकडच्या बायका किंचाळत पळाल्या. सांडलेल्या दुधावरून सुलोचनाबाई घसरली, गुडघा फुटला, महिनाभर घरी होती. लासुर्ण्याची सुलोचनाबाई, पिशव्यांच्या विभागातली सगळ्यांत जुनी. तुम्ही तिला ओळखत होतात, तिच्या लग्नाच्या पोरीची चौकशी करायचात.

नंतर बॉयलर उघडला तेव्हा नळ्यांवर बाजरीच्या भाकरीइतका जाड थर होता. आणि अहवालात काय लिहिलं? "आधीच्या वयस्कर ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे. पाण्याची गुणवत्ता नोंदीप्रमाणे समाधानकारक." नोंदीप्रमाणे! सुलोचनाबाईला आणि तिच्या सगळ्या सोबतिणींना हेच सांगण्यात आलं. "म्हाताऱ्यानं नीट बघितलं नाही, म्हणून तुम्ही बायका मरता मरता वाचलात."

आणि त्यावर कळस म्हणजे नळ्या फुटल्या त्याच संध्याकाळी याच लोकांनी तुम्हाला निरवांगीला, तुमच्या गावी, फोन केला. नळ्या बदलायला बाहेरून फिटर येणार होते, पण आतून थर कसा काढायचा, कुठे किती धरलाय, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. निलंबन मागे घेतलं नाही. ठेकेदाराचा माणूस म्हणून बोलावलं. आणि तुम्ही आलात!

मी जिन्यापाशी अडवलं तुम्हाला. "चाचा, कशाला आलात? नाव खराब केलंय तुमचं यांनी."

"बॉयलरनं कुठं केलंय?" तुम्ही घड्याळ काढून खिशात ठेवत म्हणालात. "आन् मी न्हाय आलो तर हे तसाच बंद करून पेटवत्याल. त्या बाया परत तितंच बसनार हायत न्हवं?"

साहेबांना घाई होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच झाकण उघडा म्हणाले. तुम्ही त्यांना हाताने खूण करून जवळ बोलावलंत. "साहेब, पत्र्याला उलटा हात लावा."

"मला कशाला?"

"तुमाला हात लावायला नगं वाटतं, आन् मी आत बसू व्हय? उद्या. गार झाल्यावर."

दुसऱ्यांदा न्हाय म्हणालात. आणि ज्यांना म्हणालात, तेच शुक्रवारी सांगतात की त्यांनी हा शब्द कधी ऐकला नाही.

पाच दिवस तुम्ही काम केलंत. आम्लाचं पाणी फिरवलं, थर मऊ झाल्यावर आत उतरून हाताने खरवडला, तरंगत्या गोळ्याची पेटी उघडून गाळ काढला, बर्नरचं तोंड ब्रशने पुसलं, ज्योत पकडणारा काचेचा डोळा कापसाने साफ केला. नव्या नळ्या बसल्यावर थंड पाण्याचा दाब देऊन प्रत्येक टोकाला बोट फिरवून पाहिलंत. ती वायर तुम्ही स्वतः कापलीत. टाकीही नवी आली, इतके महिने मागितलेली, आता एका दिवसात. बॉयलर पेटला तेव्हा ज्योत निळी आणि स्थिर होती. तुम्ही छोट्या काचेतून मला दाखवलीत. मग फडक्यात गुंडाळून बाटली हातात दिलीत. "बघा आता."

तीन आले. खरे तीन. मी ते लिहिलं आणि म्हणाले, "चाचा, त्या दिवशी..."

तुम्ही हात वर केलात. "ऱ्हाऊ द्या. काम झालंय."

झालं नव्हतं चाचा. माझं झालं नव्हतं. तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. माफ करण्याची ही कुठली रीत, समोरच्याला तोंडही उघडू द्यायचं नाही? की माफ केलंच नव्हतंत? आता कुणाला विचारू?

ग्रुप फोटो निघाला, साहेबांना प्रमाणपत्र मिळालं, ठेकेदाराने तुमचं नाव कमी केलं. काही आठवड्यांनी सकाळी नमाज पढून तुम्ही अंगणात चहा घेत बसलात आणि कप खाली ठेवायच्या आत गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय.

रविवारी मी निरवांगीला गेले. चाचींनी ओळखलं. "लॅबमधली व्हय? तुमचं लई नाव काढायचे." मग मी सगळं सांगितलं. बाटली, एकाहत्तर, चार. चाची भिंतीला टेकून ऐकत होत्या. निलंबनाचं त्यांना माहीतच नव्हतं! रजा टाकलीय, उसाला पाणी धरायचंय, असं सांगून तुम्ही ते अकरा दिवस घरी काढले होतेत. चाची आत जाऊन चहाचं आधण ठेवून आल्या. मग म्हणाल्या, "मला सांगून काय व्हनार? मी काय त्यांना वाईट समजत व्हते? जे वाईट समजत्यात त्यांना जाऊन सांग. ह्यांच्या नावाला हितं, गावापत्तुर डाग आलाय. बाजारला गेलं की लोकं इचारत्यात, कारखान्यात तुमच्या मान्सामुळंच झालं म्हनं?"

चहा दिला त्यांनी. पण बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच प्यायले.

सोमवारी मी तेच केलं ज्याला तुम्ही हसायचात. लिहिलं. कोणत्या तारखेला यंत्राने काय आकडा दाखवला आणि मी काय लिहिला, सगळं ओळीने. यंत्राच्या मेमरीत खरे आकडे अजून आहेत, त्यांची प्रत जोडली. वायरचं लिहिलं. तुम्ही काय म्हणालात आणि मी काय म्हणाले, तेही लिहिलं. एक प्रत मालकांना, एक बॉयलर तपासणीच्या कार्यालयाला. पोच घेतली. संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. या वेळी खुर्ची दिली नाही.

"कळतंय का काय लिहिलंय? पहिली कारवाई तुमच्यावरच होईल."

"हो," मी म्हणाले. "व्हायलाच पाहिजे."

काय होईल माहीत नाही. अहवाल बदलेल, की मलाच घरी पाठवतील, की दोन्ही. अजून उत्तर आलेलं नाही. पण चाचींनी सांगितलं होतं तिथे जायचं बाकी होतं. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी भिंतीपलीकडे गेले. बायका गोल करून डबे उघडून बसल्या होत्या. मी उभं राहून कागद वाचून दाखवला. एक ओळही सोडली नाही.

कुणी जेवलं नाही. सुलोचनाबाई गुडघा धरून उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"म्हंजे ते म्हातारं आमच्यासाटी बसलं व्हतं तितं?"

"हो."

"आन् आमी त्याला शिव्या दिल्या. शोकसभेला मी मान वळवून बसले व्हते." तिचा आवाज चढत गेला. "आन् तुला म्हाईत व्हतं? शिकल्याली तू. तीस बाया भित्तीला पाठ लावून बसल्यात हे म्हाईत असून चार म्हनलीस? तुझी जीभ कशी उचलली गं?"

 तिने माझ्या हातातून पेन हिसकावून घेतलं आणि कागदाच्या खाली सही केली, वेडीवाकडी, दाबून, कागद फाटेल इतकी. मग एकेक जण पुढे आली. जिला सही येत नव्हती तिने अंगठा दिला. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. शेवटच्या बाईने पेन माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं.

सुलोचनाबाई अजून माझ्याशी बोलत नाही. कँटीनमध्ये माझ्या शेजारी जागा असली तरी उभी राहते. राहू दे. चाचा, तुम्ही न ओरडता, गप्प राहून मला जिथे अडकवून गेला होतात, तिथून तिच्या त्या एका प्रश्नाने मला बाहेर काढलं.